नाशिकच्या हौशी रग्बी लीग क्लबने हंगाम कसा ठरवावा

रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंची रग्बी. तिचा हौशी क्लब सुरू करताना जर्सी, चेंडू आणि प्रशिक्षक यांचा विचार आधी होतो आणि सामने कोणत्या महिन्यांत खेळायचे हा प्रश्न मागे पडतो. पुढे निम्मे सामने रद्द झाल्यावर त्याची आठवण होते. इंग्लंडमध्ये या प्रश्नावर अनेक वर्षे वाद झाला असून तो समजून घेणे उपयोगाचे आहे. मात्र तिथले उत्तर उचलून नाशिकला लावता येत नाही. इथे हंगाम ठरवताना आधी मैदानातील ओल, मग खेळाडूंचे मोकळे रविवार आणि त्यानंतर मैदानाची उपलब्धता पाहावी. तापमानाचा क्रमांक या तिन्हींच्या नंतर येतो, कारण सामन्याची वेळ बदलून त्यातून बऱ्याच अंशी मार्ग निघतो.

उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन रग्बीच्या मूळ संघटनेपासून वेगळी चूल मांडली, त्यातून रग्बी लीग आली. तेव्हापासून शंभर वर्षे हा खेळ तिथे हिवाळ्यात खेळला गेला, कारण उन्हाळा क्रिकेटचा मानला जाई. गोठलेली किंवा चिखलाने भरलेली मैदाने हे त्याचे नेहमीचे दुखणे होते आणि 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तर आठवडेच्या आठवडे सामने होऊ शकले नाहीत. 1996 मध्ये सुपर लीग ही वरच्या दर्जाची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि व्यावसायिक खेळ उन्हाळ्यात गेला. त्या निर्णयामागे दूरचित्रवाणीचा पैसा होता हे लपून राहिलेले नाही. हौशी क्लबांनी मात्र घाई केली नाही. त्यांची प्रमुख स्पर्धा असलेली नॅशनल कॉन्फरन्स लीग 2012 मध्ये उन्हाळ्यात आली आणि काही स्थानिक लीग त्यानंतरही हिवाळ्यातच राहिल्या. उन्हाळ्याच्या बाजूने कोरडे मैदान आणि संध्याकाळचा लांबलेला उजेड हे मुद्दे होते. लीड्सला जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत दिसते आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दिवे नसलेल्या क्लबला उन्हाळ्यात कामावरून आल्यावर सराव करता येतो. विरोधातील मुद्देही तितकेच व्यवहारी होते: जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबे सुट्टीवर जातात, आणि क्रिकेट खेळणारी मुले दोन्हीकडे पुरी पडत नाहीत.

या मुद्द्यांपैकी नाशिकला काय लागू पडते हे एकेक करून तपासावे. उजेडाचा मुद्दा इथे बराच सौम्य आहे. जूनमध्ये सूर्यास्त साधारण सात वाजून दहा मिनिटांनी आणि डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास होतो, म्हणजे फरक तासाभराचाच. तरीही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी न करणाऱ्या खेळाडूसाठी तो तास मोलाचा असतो. हिवाळ्यात त्याचा सराव सकाळीच ठेवावा लागतो. उष्णतेची तुलना अधिक बोलकी आहे. लीड्समध्ये जुलैतील दुपारचे सरासरी तापमान वीस-एकवीस अंशांच्या आसपास असते, तर नाशिकमध्ये डिसेंबरच्या दुपारीही पारा अठ्ठावीसच्या जवळ जातो. थोडक्यात, आपला हिवाळाही त्यांच्या उन्हाळ्यापेक्षा उष्ण आहे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात त्या पहाटेच्या तापमानाच्या असतात, दुपारच्या सामन्याशी त्यांचा संबंध नाही.

रग्बी लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडल्यानंतर, बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे जावे लागते. चेंडू सोडावा लागण्याआधी आक्रमणाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे एका फेरीत तेरा जण पुनःपुन्हा मागे पळतात आणि पुन्हा पुढे धडकतात. ऐंशी मिनिटांच्या अशा सामन्यात शरीरात निर्माण होणारी उष्णता एप्रिल-मेच्या अडतीस-चाळीस अंशांत बाहेर टाकणे हौशी खेळाडूला झेपत नाही. म्हणून मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पूर्ण सामना ठेवूच नये. खेळायचेच असेल तर नऊ जणांचा, नऊ-नऊ मिनिटांच्या दोन डावांचा प्रकार सकाळी सात वाजता खेळून साडेआठपर्यंत मैदान सोडावे. उन्हात सराव वाढवताना शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात हे गृहीत धरावे. एखादा खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर तो दमला आहे असे न समजता त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतण्यास लगेच सुरुवात करावी, त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

आता मैदान. कोणतेही मैदान ठरवण्याआधी सहा इंची स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिथे जावे आणि दोन्ही गोलरेषांजवळ, मध्यभागी आणि कडेला अशा निरनिराळ्या जागी तो हाताच्या जोराने जमिनीत खुपसून पाहावा. बोटभरही आत जात नसेल तर त्या जमिनीवर टॅकलचा सराव करू नये, कारण पडणाऱ्याचा खांदा आणि डोके यांना ती जमीन काहीच सवलत देत नाही. सहज मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना पात्याला मातीचा गोळा चिकटून आला, तर ती काळी माती अजून वाफशावर आलेली नाही असे समजावे. तिथे बुटांचे स्टड भरून जातात, पाय रुततो आणि गुडघा पिळवटतो. दोन-तीन इंच आत जाऊन पाते स्वच्छ निघाले की जमीन खेळण्यायोग्य असते. हाच काळ नाशिक शहरात साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मिळतो. जानेवारीनंतर काळी जमीन आकसून भेगाळू लागते. तेव्हा पाणी मारण्याची सोय नसलेल्या मैदानावर फक्त टॅग रग्बी (टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढण्याचा प्रकार) किंवा पासिंगचा सराव ठेवावा. मुरमाड मैदान पावसात लवकर निथळते, पण कोपर-गुडघे सोलून काढते, हे लक्षात घेऊन ते फक्त पळण्याच्या सरावासाठी वापरावे.

मुंबईत रग्बी परंपरेने पावसाळ्यात खेळली जाते आणि त्याला कारणही आहे: त्या दिवसांत क्रिकेट बंद असते, मैदान रिकामे असते आणि जमीन मऊ असते. नाशिकलाही पावसाळ्यात मैदान सहज मिळते. दिवाळीनंतर मात्र टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि रविवारची सकाळ मिळवणे कठीण जाते. शिवाय मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते, जी रोलर फिरवून दगडासारखी केलेली असते. शंभर मीटर लांब आणि अडुसष्ट मीटर रुंद क्षेत्र आखताना ती खेळपट्टी बाहेर ठेवता येत नसेल तर दुसरे मैदान शोधणेच बरे. चटई टाकून भागेल असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

नाशिक शहरात पाऊस मध्यम पडतो, पण इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तो झोडपून काढतो. म्हणून पावसाळ्यात घोटीच्या संघाकडे सामना लावण्यापेक्षा त्यांना शहरात बोलावणे सोयीचे असते. चिखलात खरचटलेली जखम सामना संपताच साबणाने धुवावी आणि उघडी जखम घेऊन कोणाला साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची भीती असते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणाला मैदानात येऊ देऊ नये. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये ही वेळ वारंवार येते.

मोकळ्या रविवारांचा हिशेब पंचांग समोर ठेवून करावा, कारण आपले सण इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. नाशिक ढोलच्या पथकांत क्लबची निम्मी मुले असतात, त्यामुळे गणपतीआधीचे काही आठवडे आणि अनंत चतुर्दशीपर्यंतचा काळ सामन्यांसाठी धरू नये. नवरात्रात काही जण वणीला पायी जातात. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येते. दिंडोरी-निफाडकडचे खेळाडू द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांत अडकतात, डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते आणि जानेवारीपासून द्राक्षांची काढणी सुरू होते. अशा खेळाडूंना रविवारच्या सकाळपेक्षा शनिवारची दुपार बरी पडते का, हे त्यांनाच विचारावे. संक्रांतीच्या आसपास मैदानावर तुटलेला नायलॉन मांजा पडलेला असतो, तो सरावाआधी वेचावा. फेब्रुवारी-मार्च बारावी-दहावीच्या परीक्षांचा, आणि रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या हौदावर) न जाणारा खेळाडू नाशिकमध्ये सापडणे अवघड. कबड्डीतून आलेली मुले टॅकलला तयार असतात, पण दिवाळीनंतर त्यांच्या स्पर्धा असतात. त्या तारखा जिल्हा संघटनेकडून आधीच मागवून घ्याव्यात.

एवढे वजा केल्यावर मोजावे. सहा संघ घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर एकमेकांशी खेळणार असतील तर दहा फेऱ्या होतात आणि पावसासाठी किमान तीन रविवार राखीव लागतात. तेरा मोकळे रविवार वरच्या हिशेबात बसत नाहीत, हे कागदावर लगेच दिसते. चार संघांच्या सहा फेऱ्या आणि दोन राखीव रविवार मात्र आरामात बसतात. म्हणून माझे मत असे की नाशिकच्या क्लबांनी हंगाम लहान ठेवावा: जुलै-ऑगस्टमध्ये मऊ जमिनीवर टॅकलचे तंत्र शिकवावे, सामने सप्टेंबरअखेर सुरू करून दिवाळीची दोन आठवड्यांची सुट्टी घ्यावी आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवावेत. दुपारचा सामना असेल तर तो चारला सुरू केल्यास उजेडात संपतो. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र सकाळच पकडावी आणि प्रत्येक डावाच्या मध्यावर पाण्यासाठी थांबावे.

हा निर्णय मे महिन्यातील वार्षिक सभेत मतदानाने घ्यावा, सर्व क्लबांच्या सहीने लिहून ठेवावा आणि मैदानाचा अर्ज पाऊस सुरू होण्यापूर्वी द्यावा. 2027 साठी वेगळा विचार लागेल. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. पंचवटी आणि त्र्यंबकच्या वाटेवरील मैदाने वाहनतळ किंवा निवाऱ्यासाठी लागण्याची शक्यता गृहीत धरून सराव सिडको किंवा नाशिकरोडकडे न्यावा आणि पहिला सामना दिवाळीनंतरच लावावा.