थायरॉइडची गोळी चालू आहे आणि घाम थांबत नाही? आधी काय बघायचं ते सांगते

रात्री तीनच्या सुमारास जाग यायची, मानेखालची उशी ओली, ती उलटी करून परत झोपायचं आणि पहाटे बघावं तर दुसरी बाजूपण ओली. शेजारी नवरा पांघरूण ओढून गाढ झोपलेला. असं पंधरा-वीस दिवस चाललं आणि मी सगळा दोष हवेला देत राहिले, कारण थायरॉइडची गोळी चालू होऊन साडेतीन वर्षं झाली होती, डोस बऱ्याच दिवसांपासून तोच, कंपनी तीच, मग गोळीचा काय संबंध असं वाटत होतं. पण संबंध गोळीचाच निघाला. कसा ते पुढे येईलच, आधी घाम का येतो ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात येतं.

थायरॉइड हार्मोन म्हणजे शरीराची आच कमी-जास्त करणारी गोष्ट. पेशींनी किती ऑक्सिजन वापरायचा, किती इंधन जाळायचं हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. १८९५ मध्येच अॅडॉल्फ मॅग्नस-लेव्ही या जर्मन डॉक्टरांनी पेशंट किती ऑक्सिजन वापरतात ते मोजून दाखवलं होतं की थायरॉइड जास्त असलेल्याचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी जास्त जाळतं आणि थायरॉइड कमी असलेल्याचं कमी जाळतं. जास्त जाळलं की उष्णता जास्त, मग ती बाहेर टाकायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम आणि दमट लागतं आणि घाम सुटतो. म्हणजे घाम हा शरीराने केलेला उपाय आहे, नुसता घाम बंद करायच्या मागे लागू नका, आच कुठून वाढतेय ते शोधा.

आता पहिला प्रश्न, तुमची गोळी नक्की कुठली? हे विचारायचं कारण म्हणजे "थायरॉइडची गोळी" असं आपण दोन अगदी उलट औषधांना म्हणतो. थायरॉइड कमी पडतं त्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे जे हार्मोन कमी आहे तेच बाहेरून द्यायचं. थायरॉइड जास्त आहे त्यांना कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल, ही हार्मोन तयार होणं रोखतात. या दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना सुरुवातीचे काही आठवडे घाम येतच राहतो, कारण गोळी नवीन हार्मोन थांबवते पण ग्रंथीत आधी साठलेलं संपायला वेळ लागतो. तेवढ्या काळात धडधड, थरथर आणि घाम कमी व्हावा म्हणून डॉक्टर बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध जोडीला देतात. दमा असेल तर तो मात्र आधीच सांगा, कारण दम्यात ते चालत नाही. आणि या गोळ्यांवर असताना ताप आला, घसा खूप दुखायला लागला तर साधी सर्दी समजून घरी बसू नका, गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या, क्वचित का होईना पण त्या या औषधाने एकदम खाली जातात.

यापुढचं बहुतेक लेव्होथायरॉक्सिनवाल्यांसाठी आहे, कारण आपल्यात ते जास्त.

घाम कधी सुरू झाला ते आठवा. गोळी नुकतीच चालू झाली असेल तर एक शक्यता अगदी साधी आहे. थायरॉइड कमी असताना कातडी कोरडी पडते, घाम जवळजवळ येत नाही, सारखी थंडी वाजते. अशी दोन-तीन वर्षं काढलेली असतात, मग गोळीने शरीर जागेवर यायला लागलं की जो घाम बाकीच्यांना रोजचा वाटतो तो आपल्याला पूर वाटतो. रिपोर्ट व्यवस्थित असेल आणि नाडी शांत असेल तर यात काळजीचं काही नाही, काही आठवड्यांत सवय होते.

डोस वाढवल्यावर सुरू झाला असेल तर कोडं सोपं आहे, वाढवलेला डोस तुम्हाला जास्त होतोय का हे तपासायचं.

पण माझ्यासारखं डोस तोच असून सुरू झालं असेल तर नीट विचार करा, त्यातच खरी गंमत आहे आणि त्यातच लोक फसतात. माझ्या बाबतीत झालं असं की मी सुरुवातीपासून सकाळी थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकत्रच घ्यायचे, एका घोटात दोन्ही. कॅल्शियम थायरॉइडची गोळी आतड्यात अडवतं, शोषूच देत नाही पूर्ण. त्यामुळे टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, रक्ताच्या रिपोर्टमध्ये तेच बघतात, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) खाली येईना, डोस वाढत वाढत १०० मायक्रोग्रॅमवर गेला आणि तिथे रिपोर्ट जुळला. म्हणजे मी १०० घेत होते पण पोटात लागत होतं त्याहून कमी. मग कुणीतरी सांगितलं की या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं, मी शहाण्यासारखं कॅल्शियम रात्री घ्यायला लागले, आणि तीच १०० आता अख्खी लागायला लागली. अंतर ठेवणं बरोबरच होतं, फक्त ते बदलल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच करायला हवा होता, तो मी केला नाही.

असेच आणखी बदल असतात. लोहाची गोळी किंवा अॅसिडिटीचं औषध बंद झालं, गोळीबरोबर लगेच कॉफी घ्यायची सोडली, बरंच वजन कमी झालं (पूर्ण डोस साधारण दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने धरतात, तेव्हा वजन उतरलं की तोच डोस जड होऊ शकतो), गरोदरपणात वाढवलेला डोस बाळंतपणानंतरही तसाच चालू राहिला, कंपनी बदलली. आणि हो, गोळ्यांची बाटली किंवा पाकीट हातात घेऊन त्यावरचा आकडा आत्ताच्या आत्ता वाचा. ५०, ७५, १००, १२५ ची पाकिटं दिसायला सारखी असू शकतात, प्रिस्क्रिप्शनवर एक आणि घरात दुसरंच असं होऊ शकतं.

मग मोजायला लागा. सकाळी जाग आल्यावर उठायच्या आधी, पलंगावरच पडून, दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवायची (अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते) आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ठोका चुकत असेल तर तो पूर्ण मिनिटातच कळतो. माझे एरवी ६८ ते ७२ असायचे, त्या दिवसांत ९२, ९४, एकदा ९८ आले. तेसुद्धा झोपून. दुसरं म्हणजे दोन्ही हात समोर सरळ धरायचे, बोटं पसरायची आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवायचा. हात नुसता बघितला तर स्थिर वाटतो, पण कागदाची कड बारीक थरथरताना स्पष्ट दिसते. डॉक्टरही ही तपासणी अशीच करतात. माझ्या कागदाचा तर फडफड आवाज येत होता, तो बघून मी त्याच दिवशी लॅबला फोन केला.

वहीत रोज एक ओळ पुरे: नाडी, झोप कशी झाली, घाम कधी आला आणि कुठे, वजन आठवड्यातून एकदा, पोट किती वेळा साफ झालं. डोस जास्त होत असेल तर घाम सहसा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर धडधड, थरथर, खाऊनही उतरणारं वजन, पातळ शौच, झोप उडणं, उगाच चिडचिड यातलं काहीतरी बहुतेक असतं. नुसता घामच आहे आणि बाकी काही नाही, असं असेल तर कारण दुसरीकडे असायची शक्यता वाढते.

टेस्टचं सांगते. टीएसएच आणि फ्री टी-४ (टी-४ म्हणजे थायरॉइडचं मूळ हार्मोन, गोळीतही तेच असतं) दोन्ही करा. रक्त गोळी घ्यायच्या आधी द्या, कारण गोळीनंतर दोन-चार तास टी-४ चढलेला असतो आणि रिपोर्ट उगाच घाबरवतो. गोळी बरोबर न्या, रक्त दिल्यावर घ्या. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर ते निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस थांबायचं ते विचारून घ्या. काही मशीनच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे हुबेहूब डोस जास्त झाल्यासारखा रिपोर्ट, आणि त्यावरून कुणी डोस कमी केला तर तुम्ही खरोखरच कमी थायरॉइडमध्ये जाल. टीएसएच साधारण ०.४ ते ४ असतो, लॅबनुसार थोडं इकडेतिकडे. माझा आला ०.०८. टीएसएच जितका खाली तितकं शरीरात हार्मोन जास्त, हे उलटं गणित नवीन माणसाला गोंधळात टाकतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

रिपोर्ट कमी आला म्हणून स्वतःच गोळी बंद करायची किंवा एकाआड एक दिवस घ्यायची असं करू नका, हे मी हात जोडून सांगते. टी-४ चं अर्धं प्रमाण उतरायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे आज गोळी सोडली तर उद्या घाम थांबणार नाहीये, आणि तीन-चार आठवड्यांनी उलट्या बाजूचा त्रास सुरू होईल. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही जणांचा टीएसएच तर डॉक्टरांनी मुद्दाम खाली ठेवलेला असतो, त्यांनी न विचारता डोस कमी करणं जास्तच धोक्याचं. पण अंगावर काढणंही तितकंच चूक. टीएसएच दीर्घकाळ फार खाली राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते (एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते) आणि हाडं ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या बायकांना आणि वय झालेल्यांना हा धोका जास्त.

टीएसएच व्यवस्थित असेल तर गोळीच्या मागे लागू नका. पाळी जायच्या वयात चेहऱ्या-मानेवरून अचानक उष्णतेची लाट येते आणि काही मिनिटांत ओसरते, ती वेगळी. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी घाम वाढतो. डायबेटिसचं औषध घेत असाल आणि घाम फुटून हात-पाय गळाले तर आधी शुगर बघा. रात्री कपडे भिजतील इतका घाम आणि बरोबर बारीक ताप, वजन उतरणं, गाठ लागणं असं काही असेल तर ती तपासणी अजिबात लांबवू नका.

आणि यातलं काही दिसलं तर थांबायचंच नाही: छातीत दुखणं, दम लागणं, झोपूनही १२० च्या वर नाडी, ठोके वेडेवाकडे पडणं, घामाबरोबर जोराचा ताप आणि बोलण्यात भ्रम, किंवा उन्हातून आल्यावर अंग तापलेलं आणि माणूस गोंधळलेला. यात वही वगैरे काही नाही, सरळ इमर्जन्सी.

डोस बदलला तरी आराम पडायला आठवडे जातात, तोवर दिवस काढायचे कसे? मला सगळ्यात उपयोग झाला तो मनगटं, कोपराचा आतला भाग आणि पावलं गार पाण्याखाली दोन-तीन मिनिटं धरायचा. ओल्या अंगाला पंखा लावला की सुकताना गारवा येतो, नुसत्या पंख्यापेक्षा कितीतरी जास्त. झोपताना एक जाड पांघरूण नको, दोन पातळ घ्या म्हणजे मध्यरात्री एक काढता येतं, आणि कोरडा कपडा उशाशीच ठेवा, उठून कपाट शोधायला लागलं की झोप गेलीच. काखेतल्या घामाला अॅल्युमिनियम क्लोराइडचं रोल-ऑन मिळतं, ते लोक सकाळी आंघोळ करून ओल्या काखेत लावतात आणि मग आग होते म्हणून सोडून देतात. ते रात्री, अगदी कोरड्या कातडीवर लावायचं असतं, रात्री घाम कमी असतो म्हणून ते आत बसतं, सकाळी धुवून टाकायचं. त्याच दिवशी काख भादरली असेल तर लावू नका.

पाणी तहान लागायच्या आधी प्या, खूप घाम जात असेल तर मीठही जातं, पण ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाणी विचारूनच वाढवा. कॉफी, दारू आणि फार तिखट काही दिवस कमी करा. व्यायाम सोडू नका पण सकाळची नाडी नेहमीपेक्षा वीसने जास्त असेल त्या दिवशी धावणं, वजनं उचलणं नको, सावकाश चाला.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, गोळीलाही उष्णता सोसत नाही. लेव्होथायरॉक्सिन ऊन, दमटपणा आणि उजेडाने खराब होतं. स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळचा कप्पा, बाथरूम, बंद गाडी या जागा चुकीच्या. पाकिटावर किती तापमानाखाली ठेवायची ते छापलेलं असतं ते वाचा, बऱ्याच पाकिटांवर २५ अंश लिहिलेलं असतं. सगळ्या गोळ्या एकदम फोडून महिन्याच्या डबीत भरू नका, आठवड्यापुरत्या काढा. गोळी कमजोर झाली की टीएसएच वर जातो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि नवीन चांगली बाटली उघडली की परत घाम. माझं कॅल्शियमचं झालं तसंच.

माझा डोस डॉक्टरांनी १०० वरून ८८ केला. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, वहीत ९२, ९०, ९३. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिल्यांदा ८४ आलं. चौथ्या आठवड्यात रात्री सलग झोप लागली आणि उशी कोरडी होती. सातव्या आठवड्यात टीएसएच केला, १.९ आला, कॅल्शियम अजूनही रात्रीच घेते, आणि औषधाची वेळ किंवा कंपनी काहीही बदललं की त्या दिवशीच कॅलेंडरवर सहा आठवडे पुढे मोजून "टीएसएच" असं लिहून ठेवते.