एआयने सांगितलेला निकाल मूळ प्रतीत तपासावा

मराठवाड्यातील विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठी चालवलेल्या लुटुपुटूच्या खटल्याच्या) तयारीसाठी चॅटजीपीटीसारखी साधने वापरली जातात. संविधानाच्या अभ्यासात अशा साधनाला निष्कर्ष विचारू नये. वादाचे मुद्दे, संबंधित अनुच्छेद आणि शोधशब्द मात्र जरूर विचारावेत.

आपल्या भागात हमखास निघणारा मराठा आरक्षणाचा विषय घ्या. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा मराठा आरक्षण कायदा एकमताने रद्द केला. परंतु १०२व्या घटनादुरुस्तीने मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला का, या प्रश्नावर पीठ ३ विरुद्ध २ असे विभागले होते. सारांश करताना साधन अल्पमतातील परिच्छेद बहुमताच्या तोंडी घालू शकते, आणि ते वाचायलाही अगदी पटण्यासारखे असते. त्याच वर्षी १०५व्या घटनादुरुस्तीने राज्यांना मागासवर्गांची आपली स्वतंत्र यादी ठेवण्याचा अधिकार स्पष्टपणे दिला, त्यामुळे केवळ निकालावर थांबलेले उत्तर त्या मुद्द्यापुरते कालबाह्य ठरते.

म्हणून प्रत्येक विधानासाठी न्यायमूर्तींचे नाव आणि परिच्छेद क्रमांक मागावा व तो सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या विनामूल्य संकेतस्थळावरील मूळ निकालात स्वतः वाचावा. तेथे निकालच सापडला नाही, तर तो संदर्भ निःसंकोच वगळावा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले बनावट निकाल सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता. अनुच्छेदाचा मजकूरही सर्व दुरुस्त्यांसह अद्ययावत प्रतीतूनच घ्यावा.