सिद्धता शिकवणाऱ्या भावी शिक्षकांसाठी प्रशिक्षकाने करावयाची तयारी

माध्यमिक वर्गांना गणित शिकवू पाहणाऱ्या प्रशिक्षणार्थींना प्रमेये येत असतात, पुष्कळदा तोंडपाठ असतात. म्हणून सत्र सुरू होण्याआधी प्रशिक्षकाने सर्वप्रथम असे प्रश्न गोळा करून ठेवावेत, की ज्यांच्यापुढे हे पाठांतर उपयोगी पडणार नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सर्व जीवांनी जोडले, तर दोन, तीन, चार आणि पाच बिंदूंसाठी वर्तुळाचे अनुक्रमे २, ४, ८ आणि १६ भाग होतात. सहाव्या बिंदूला किती भाग होतील, हे प्रत्येकाकडून आकृती काढण्यापूर्वीच लिहून घ्यावे. बहुतेकांच्या कागदावर ३२ येते. प्रत्यक्षात जास्तीत जास्त ३१ भाग होतात. सहा बिंदू समान अंतरावर घेतल्यास तीन जीवा केंद्रात मिळतात आणि भाग ३० च भरतात, त्यामुळे दोन्ही आकृत्या मोठ्या आकारात काढून हाताशी ठेवाव्यात. नाहीतर तास केवळ मोजणीच्या वादात संपतो. याच्या जोडीला क² + क + ४१ ही राशीही असावी. क च्या ० ते ३९ या सर्व किमतींना ती मूळ संख्या देते आणि क = ४० ला १६८१, म्हणजे ४१ × ४१.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा तो विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा संच तयार करण्यास. ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते’ एवढे एकच विधान घेतले तरी पुरते. एका उत्तरात ३ + ५ = ८, ७ + ९ = १६ अशी उदाहरणे असावीत; दुसऱ्यात (२क + १) + (२क + १) = ४क + २ असे लिहिलेले असावे; तिसऱ्यात ठिपक्यांच्या जोड्या लावून दोन्हीकडे उरलेला एकेक ठिपका एकमेकांशी जोडलेला असावा. प्रशिक्षणार्थी अक्षरे पाहून दुसऱ्या उत्तराला पूर्ण गुण देतात आणि ठिपक्यांच्या उत्तराला ‘ही सिद्धता नव्हे’ असा शेरा मारतात. तेव्हा त्यांना विचारावे, की ४क + २ ला ४ ने कधीच भाग जात नाही, मग ३ + ५ ची बेरीज ८ कशी आली? दोन्ही संख्यांना एकच अक्षर वापरल्याने समान विषम संख्यांचीच बेरीज सिद्ध झाली, हे त्यांच्याच तोंडून यायला हवे. कोणत्याही दोन विषम संख्यांना लागू पडणारा युक्तिवाद ठिपक्यांत आहे, हे त्यानंतर सहज पटते.

पक्ष (दिलेली गोष्ट), साध्य (सिद्ध करायची गोष्ट), व्यत्यास (पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल केलेले विधान), प्रत्युदाहरण (विधान खोटे ठरवणारे उदाहरण) या संज्ञांची उजळणी थोडक्यात उरकावी. मात्र ३, ४, ५ बाजूंचा त्रिकोण काटकोन आहे असे म्हणताना पायथागोरसचे प्रमेय नव्हे, त्याचा व्यत्यास वापरला जातो, हे आवर्जून तपासावे.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कोनमापकाने मोजून, नंतर कोपरे फाडून जुळवून आणि शेवटी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून, अशी तिन्ही प्रकारे करून पाहण्याचे साहित्य ठेवावे. मोजमापात कुणाला १७९ तर कुणाला १८१ अंश येतील, आणि त्या फरकातूनच व्युत्क्रम कोनांच्या, म्हणजे समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंना होणाऱ्या समान आंतरकोनांच्या, आधाराची गरज पुढे येते. ‘हे कशाच्या आधारावर म्हणता?’ हा प्रश्न विचारून उत्तराची शांतपणे वाट पाहण्याचा सरावही पाठाच्या नियोजनात असावा, कारण नवशिक्या शिक्षकाला ती शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

परीक्षेचा कागदही आधीच तयार करावा आणि त्यात ज्ञात प्रमेयाची सिद्धता लिहायला सांगू नये. ‘कर्ण परस्परांना लंब असलेला प्रत्येक चौकोन समभुज असतो’ असे एखादे विधान द्यावे, ते खरे की खोटे हे ठरवू द्यावे, पतंगाकृतीसारखे प्रत्युदाहरण मागावे आणि कर्ण परस्परांना दुभागतात ही राहिलेली अट शोधून त्या अटीसह सिद्धता लिहायला पुरेसा वेळ ठेवावा.