साठीनंतर व्यायाम करताय? हृदय आणि बीपीच्या बाबतीत या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अठरा वर्षं जवळजवळ रोज सकाळी पर्वती चढते. तिथल्या १०३ पायऱ्यांवर सकाळी सहाला ज्या चुका दिसतात त्याच दुपारी क्लिनिकमध्ये तक्रार होऊन माझ्यासमोर बसतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी हे समजून घ्या की वयानुसार बदलतं काय. शांत बसलेलं असताना नाडी तिशीत जेवढी असते साधारण तेवढीच पासष्टीतही असते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपलं हृदय आहे तसंच आहे. पण जोर लावल्यावर ते जास्तीत जास्त किती वेगाने धडधडू शकतं, तो आकडा दर वर्षी साधारण एकेका ठोक्याने उतरत जातो, कारण ठोक्याची लय ठरवणाऱ्या पेशी कमी होतात आणि ॲड्रेनलिनला हृदय पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. दुसरं म्हणजे रक्तवाहिन्या. तरुणपणी हृदयाने रक्त ढकललं की मोठी धमनी ताणली जाते आणि तो धक्का पोटात घेते. वयानुसार ती कडक होते, बागेतला पाइप दोन उन्हाळे बाहेर पडून राहिला की होतो ना तसा, मग तेवढ्याच पायऱ्या चढताना तुमच्या बीपीचा वरचा आकडा तुमच्या मुलापेक्षा जास्त वर जातो. खालचा आकडा चालण्या-चढण्यात फारसा हलत नाही. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल होऊन रक्ताने भरतं तेही आता सावकाश होतं. म्हणजे या हृदयाला वर चढायलाही वेळ लागतो आणि खाली यायलाही, आणि लोक नेमका तोच वेळ द्यायला तयार नसतात.

घड्याळातल्या आकड्यामागे धावणं

ही चूक हल्ली सगळ्यात जास्त बघते. मुलगा किंवा सून वाढदिवसाला स्मार्टवॉच देते, कुठल्यातरी व्हिडिओत २२० वजा वय हे जास्तीत जास्त नाडीचं सूत्र कळतं, आणि माणूस त्या आकड्याच्या मागे लागतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, तेव्हा ६७ वर्षांचे होते. २२० वजा ६७ म्हणजे १५३, त्याचे ८५ टक्के म्हणजे १३०, असा हिशेब वहीत लिहून आणलेला. आणि घड्याळ काही केल्या ११२ च्या वर जाईना. मला म्हणाले, "ताई, मी कमी पडतोय, अजून जोर लावायला पाहिजे." मी विचारलं, काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत? तर म्हणे बीपीची पांढरी, छोटी. नाव माहीत नाही. मी सांगितलं की उद्या पाकीट घेऊन या, तोपर्यंत एकच फेरी आणि सावकाश. त्यांनी हो म्हटलं आणि माझी पाठ वळल्यावर तिसरी फेरी धावत घेतली.

वर पोचल्या पोचल्या कठड्याला टेकून, मनगट वर करून आकडा बघत जागच्या जागी उभे राहिले. मी चार पायऱ्या खाली होते. त्यांचा चेहरा आधी लाल होता तो बघता बघता राखेसारखा झाला, हात कठडा शोधायला लागला आणि ते पुढच्या बाजूला कोसळले. हनुवटीला तीन टाके पडले. आडवं करून पाय माझ्या सॅकवर उंच ठेवले तसं मिनिटभरात डोळे उघडले, मग लगेच दवाखान्यात नेलं, नशिबाने ईसीजी ठीक निघाला.

संध्याकाळी पाकीट बघितलं तर मेटोप्रोलॉल. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, तिचं कामच नाडी आवरून धरायचं. म्हणजे गोळी लगाम खेचतेय आणि काका घोड्याला चाबूक मारतायत. पाकिटावर नावाच्या शेवटी "लॉल" दिसलं, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल वगैरे, तर २२० चं सूत्र तुमच्यासाठी नाहीच. आणि गोळी नसली तरी ते सूत्र सरासरीचं आहे, प्रत्यक्षात माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र वयस्कर लोकांसाठी जरा बरं आहे, काकांना त्याने १६१ आले असते, पण तेही सरासरीचंच.

मी काय करते ते सांगते. मी चालता चालता तेराचा पाढा म्हणायला लावते. तुटक तुटक का होईना पण पूर्ण म्हणता आला तर वेग बरोबर आहे. तेरा चोक बावन्नलाच थांबून श्वास घ्यावा लागला तर कमी करा. आणि गप्पा मारत, गाणं गुणगुणत चढता येत असेल तर थोडं वाढवायला हरकत नाही. घड्याळ मागाहून बघा.

एकदम थांबणं

काका पडले ते जोर लावल्यामुळे कमी आणि एकदम थांबल्यामुळे जास्त. चढताना पायांतल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि पोटऱ्या प्रत्येक पावलाला रक्त वर ढकलत असतात. तुम्ही खांबासारखे उभे राहिलात की तो पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं, बीपी धाडकन उतरतं. तरुण माणसात मानेतल्या धमनीतले सेन्सर लगेच नाडी वाढवून सांभाळून घेतात, पण साठीनंतर ती यंत्रणा मंदावलेली असते, त्यात बीटा ब्लॉकर असेल तर नाडी वाढणार कशी? प्रोस्टेटची टॅमसुलोसिन किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी तर जास्तच जपायला पाहिजे. थांबायच्या आधी आठ-दहा मिनिटं हळू चालायचं, माझ्या ग्रुपमध्ये यात सूट नाही. ज्यांना ऑफिसची घाई आहे त्यांनी एक फेरी कमी करावी, शेवटचं चालणं कापू नये. सुरुवातीलाही तेच, पहिली दहा मिनिटं सपाटीवर. ते काका आता वर पोचले की देवळाच्या आवारात दोन चकरा मारतात आणि मग बसतात.

व्यायामानंतर बीपी मोजून निर्णय घेणं

हे दोन्ही बाजूंनी होतं. एका काकूंनी घरी येऊन चप्पल काढता काढता पट्टा बांधला, वरचा १७२ दिसला आणि घाबरून दोन महिने चालणंच बंद केलं. नुकतं चढून आल्यावर वरचा आकडा चढलेला असणारच, त्यात काही चुकलेलं नव्हतं. दुसऱ्या एकांनी अर्ध्या-पाऊण तासाने मोजलं, ११६/७० आलं, आणि आपण बरे झालो समजून गोळी सोडली. व्यायामानंतर काही तास बीपी नेहमीपेक्षा खाली राहतं, हा व्यायामाचा फायदाच आहे, पण म्हणून ते तुमचं रोजचं बीपी नव्हे. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ डोकं ठणकतंय म्हणून आले तेव्हा १८४/१०६ होतं. मोजायचं ते सकाळी, चहा आणि व्यायामाच्या आधी, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. बसल्या जागी १८०/११० च्या आसपास दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टरांना फोन.

श्वास रोखून वजन उचलणं

डंबेल असो नाहीतर सिलिंडर, दात दाबून श्वास धरला की बीपी भयंकर चढतं. १९८५ च्या एका प्रयोगात बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून मोजलं तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना एकाचं ४८०/३५० पर्यंत गेलं होतं, आणि ती तरुण, तयार मुलं होती. उचलताना मोठ्याने आकडे मोजा, बोलताना श्वास अडकत नाही.

"मी पूर्वी करायचो" म्हणून तिथूनच सुरू करणं

डेंग्यू, ऑपरेशन, मुलीचं लग्न, काहीही कारण असो, महिनाभर खंड पडला की शून्याच्या जवळून सुरुवात करा. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच मुलांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्यांनाच परत तपासलं तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलेलं होतं! आणि सहा महिने हळूहळू व्यायाम वाढवत नेल्यावर तीस वर्षांत वयाने नेलेला दम त्यांनी परत मिळवला. सहा महिने म्हणतेय मी, सहा दिवस नाही.

बाकी थोडक्यात. वयानुसार तहान कमी कळते, त्यामुळे तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्या. डिसेंबरच्या थंडीत अंधारात अंथरुणातून उठून थेट चढण नको, थंडीने बीपी आधीच वर असतं. ठोके अधूनमधून नव्हे, सारखेच वेडेवाकडे लागत असतील तर ईसीजी काढा.

आणि छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक घाम, असं चढताना झालं की "ॲसिडिटी असेल, काल मिसळ खाल्ली" म्हणत पुढच्या पायरीवर पाय ठेवू नका. तिथेच बसा, बरोबरच्याला सांगा, १०८ लावा. स्वतः स्कूटर चालवत जायचं नाही.