पतंग बहुतेकदा पिशवीतच मरतो: या चुका टाळा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लाँग बीच नावाच्या गावी दर ऑगस्टमध्ये पतंग महोत्सव भरतो. तिथे कुणीतरी गाण्याच्या तालावर दोन दोऱ्यांचा पतंग नाचवत असतो, बघणाऱ्याच्या डोक्यात किडा शिरतो आणि महिन्याभरात तीनशे डॉलरचा स्पोर्ट काइट घरी येतो. इथवर सगळं ठीक. पण पिशवीची पाळी आली की हेच दिलदार लोक एकदम काटकसरी होतात. "घरात योगा मॅटची एक जुनी पिशवी आहे, चालेल ना?" वर्षभराने तोच पतंग दुरुस्तीसाठी माझ्या शिवणयंत्रापाशी येऊन पडतो.

आपटून मोडलेली कार्बनची काडी बदलायला दहा मिनिटं लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आपटल्याशिवाय कुणी शिकत नाही. पण सेलवरची, म्हणजे पतंगाच्या कापडावरची बुरशी, एका पट्टीचा दुसरीवर उतरलेला रंग, स्टँडऑफने (सेल मागून ताणून धरणाऱ्या बारीक काड्यांनी) आतून पाडलेली भोकं, हे सगळे उद्योग पिशवीत होतात आणि त्यांतले बरेचसे दुरुस्तच होत नाहीत.

ओला पतंग "आत्तापुरता" भरून ठेवणं

पहिला नंबर याचाच. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यातही धुकं उतरतं. पतंग पाण्यात पडला नाही तरी संध्याकाळपर्यंत ओलसर होतो, वर समुद्राच्या हवेतलं मीठ कापडावर बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं, त्यामुळे खारावलेला पतंग हाताला कोरडा लागला तरी आतून दमटच असतो.

आमच्या गटातल्या एका मुलाने लाल, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचा जुना नायलॉनचा पतंग कुणाकडून तरी हौसेने विकत घेतला होता. एका संध्याकाळी रिमझिम सुरू झाली, सगळ्यांची आवराआवर चालली होती. मी त्याला म्हटलं, "काड्या काढ आणि मागच्या सीटवर मोकळा पसरून टाक." त्याला सिएटलला परतायची घाई. "काका, घरी गेल्यावर बघतो ना." त्याने पतंग घट्ट गुंडाळला, पाऊस लागू नये म्हणून वर पॉलिथीनची पिशवी चढवली आणि डिकीत टाकला. पाऊस आधीच आत गेला होता, आता त्याला बाहेर यायला वाट उरली नाही.

पुढे ऊन पडलं, गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तापत राहिली. आई-बाबा भारतातून आले, त्यांच्या बॅगांसाठी डिकी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा पतंगाची आठवण झाली. उघडला तर ओल्या गोणपाटाचा वास. पांढऱ्या पट्ट्या होळी खेळून आल्यासारख्या गुलाबी झालेल्या, शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके. गडद रंगाचं नायलॉन ओलं असताना फिक्या कापडाला दाबून ठेवलं की रंग उतरतो, आणि उतरलेला रंग परत निघत नाही. हे त्याने मला विचारलं असतं तर मी फोनवर सांगितलं असतं. त्याने आधी कपड्यांच्या पावडरीत पतंग भिजत घातला. मग सुरकुत्या आल्या म्हणून इस्त्री फिरवली. नायलॉनचं पातळ कापड आणि तापलेली इस्त्री! इस्त्रीच्या टोकाएवढं भोक घेऊन मग स्वारी माझ्याकडे आली.

आयकारेक्ससारख्या पॉलिस्टर कापडाचे पतंग घेणारे ही गोष्ट ऐकून हसतात. त्यांचं कापड नायलॉनइतकं पाणी पीत नाही आणि ओलं झाल्यावर ताणतही नाही, हे खरं. पण बुरशी मळावर वाढते. तिला खाली कुठलं कापड आहे याच्याशी देणंघेणं नाही.

माझी पद्धत साधी आहे. किनाऱ्यावरून आलं की चहाच्या आधी पतंग. सगळ्या काड्या बाहेर, सेल बाथटबमध्ये साध्या गार पाण्यात खळबळायची, साबण नाही, पिळायचं नाही. मग शॉवरच्या पडद्याच्या दांडीवर रात्रभर सावलीत. काड्यांचे जोड वेगळे करून उभे ठेवायचे, फेरूलमध्ये, म्हणजे काड्या जोडणाऱ्या नळीत, अडकलेली वाळू आणि पाणी निघून जातं. आणि पिशवी उलटी करून तीही धुवायची. हे कुणीच करत नाही. धुतलेला पतंग लोक वाळू आणि मिठाने भरलेल्या पिशवीत परत घालतात आणि मग काड्यांवर बारीक ओरखडे कुठून आले म्हणून विचारतात.

म्हणून पिशवी घेताना "वॉटरप्रूफ" या लेबलवर भाळू नका. आतून रबर किंवा पीव्हीसीचा थर दिलेली पिशवी पाणी बाहेर ठेवते तसंच आतलंही कोंडून ठेवते. एका टोकाला जाळी असलेली किंवा दोन-चार धातूच्या आयलेटची भोकं असलेली साधी पॉलिस्टरची पिशवी मला कधीही चालेल. ती पावसात भिजेल. भिजू दे, वाळेलही.

लांबी न मोजता पिशवी घेणं

दुकानात लोक पतंगाची रुंदी विचारतात. पिशवीसाठी तिचा काही उपयोग नाही. मोजायची ती कापडातून न काढता राहणारी सगळ्यांत लांब काडी.

पूर्ण आकाराच्या दोन दोऱ्यांच्या पतंगाची रुंदी सव्वादोन ते अडीच मीटर असते. त्याच्या पुढच्या कडेची, म्हणजे लीडिंग एजची, काडी बहुधा दोन तुकड्यांची असून मध्ये फेरूलने जोडलेली असते. स्प्रेडर, म्हणजे पंख पसरून धरणाऱ्या आडव्या काड्या, काढून पतंग मिटला आणि ही काडी तशीच ठेवली तर दीड मीटरच्या आसपास लांबी होते. तीही सोडवली तर नव्वद सेंटिमीटरच्या आत येतो, कारण बहुतेक कार्बन काड्या मुळात साडेबत्तीस इंचांच्याच येतात. रेव्होल्यूशन नावाच्या चार दोऱ्यांच्या पतंगाची लीडिंग एज तीन तुकड्यांची, तो आपसूकच आखूड पिशवीत बसतो.

आता नवशिक्याला आखूड पिशवी आवडते. दिसायला सुटसुटीत, बसमध्ये नेता येते, कॅम्पिंगच्या खुर्चीबरोबर फुकट आलेलीही चालते. मग दर शनिवारी, थंड वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना तो लीडिंग एज सोडवतो, सेल मधोमध दुमडतो आणि दर वेळी तीच घडी पडते. घडीच्या जागी मायलर (पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा) असेल तर तिथे कायमची रेघ उमटते. काड्यांच्या टोकाच्या टोप्या वाळूत हरवतात. फेरूल सैल होत जातं. हे सगळं कशासाठी, तर पिशवी छोटी दिसावी म्हणून.

माझं मत सरळ आहे: आठवड्याच्या वापराला लांब पिशवी, लीडिंग एज जोडलेलीच. छोट्या गाडीतही ती पुढच्या दोन सीटच्या मधून तिरकी जाते. लांब पिशवी मिळत नसेल तर जुनी स्कीची पिशवी बघा, सेकंडहँड दुकानांत स्वस्तात पडलेल्या असतात. आखूड पिशवी फक्त विमानासाठी ठेवावी. तिथे मात्र तिच्याशिवाय गत्यंतर नाही. अनेक विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा धरतात. दीड मीटरची गुंडाळी पंधरा सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच धरली तरी बेरीज १८० होते आणि काउंटरवर जादा पैसे मोजावे लागतात. ९० सेंटिमीटरची पिशवी आरामात आत बसते. कंपनीचा नियम तिकीट काढतानाच वाचा, रांगेत उभं राहून नको.

पीव्हीसी पाइपचा हट्ट

"पाइपमध्ये घातला की काही होत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. पाइप बाहेरच्या माऱ्यापासून वाचवतो हे खरंच आहे. आत काय चाललंय याचा विचार कुणी करत नाही.

आमच्यातले एक निवृत्त काका गुहागरला गावी निघाले होते. चार इंची पाइप, एका टोकाला चिकटवलेलं झाकण, दुसऱ्या टोकाला आट्यांचं, फिरवून लावायचं. आत दोन पतंग, दोऱ्या गुंडाळायचे वाइंडर, आणि दोऱ्यांची हँडल जमिनीत अडकवून ठेवायला वापरतात तो खुंटा. खुंटा म्हणजे या गृहस्थांचा एक भलामोठा स्क्रूड्रायव्हर. "सगळं एका जागी राहतं," असं त्यांचं म्हणणं. विमानतळावर सामान उभं ठेवलं जातं, आडवं फेकलं जातं, पट्ट्यावरून घसरतं. दर वेळी तो स्क्रूड्रायव्हर पाइपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दट्ट्यासारखा धावत होता.

गुहागरच्या किनाऱ्यावर अर्धं गाव जमलं असताना झाकण उघडायला घेतलं, तर आट्यांमध्ये जुनी वाळू अडकून ते घट्ट बसलेलं. एका पुतण्याने पाइप पायांत धरला, दुसऱ्याने फडक्याने झाकण फिरवलं. ते निघालं. मग पतंग बाहेर येईना. आत ढकलताना स्टँडऑफ सेलला लागून मिटलेले होते, ओढताना ते उलटे उभे राहिले. काकांनी जोर लावला आणि टर्रकन आवाज आला. फाटलेला पतंग बाहेर आल्यावर कळलं की दुसऱ्याच्या पंखाच्या टोकाला भोकं आणि खालच्या स्प्रेडरला चीर आधीच पडली होती. गुहागरात कार्बनची काडी मिळणार कुठे? कुणीतरी कामटी तासून आणली, चिरेला आधार देऊन सुतळीने बांधली. पतंग एका अंगाला झुकून उडाला. पोरं तरीही खूश होती, काका नव्हते.

(ही बंदीच्या आधीची गोष्ट. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर बंदी घातली. आपल्या डायनीमाच्या दोऱ्यांना काच नसते, पण धागा कृत्रिमच आहे. तेव्हा पतंग गावी न्यायचा असेल तर दोऱ्यांचं काय करायचं हे तिथल्या पोलिसांना विचारून मगच पिशवी भरा.)

पाइप वापरायचाच असेल तर माझ्या तीन अटी. पतंग आधी कापडी खोळीत घालायचा आणि खोळीचा बंद पाइपच्या तोंडाशी बाहेर राहील असा ठेवायचा, म्हणजे ओढताना जोर खोळीवर येतो, सेलवर नाही. दोन्ही टोकांना स्पंज किंवा जुने मोजे ठासायचे, आत काहीही हलता कामा नये. आणि खुंटा पाइपमध्ये नाहीच. तो कपड्यांच्या बॅगेत, चेक-इन सामानात, टोकाला बूच लावून. केबिनमध्ये टोकदार खुंटा घेऊन जायचा प्रयत्न करू नका, सुरक्षा तपासणीला तो तुमच्याइतका निरुपद्रवी वाटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रबरबँड लावून पतंग बांधू नका. उन्हात ते वितळतात आणि सेलला चिकटून राहतात. कापडी नाडी बांधा, सैल.

वेल्क्रोचे पट्टे असलेली पिशवी असेल तर काटेरी बाजू आतल्या बाजूला येत नाही ना, ते बघा. कण्णीचे दोरे आणि रेव्होल्यूशनच्या व्हेंटची (वारा जाऊ देणारी) जाळी तिला अडकली की ओढताना धागे निघतात.

कण्णी नाकापासून पाठीच्या काडीला हलकी गुंडाळून मगच पतंग मिटावा. तशीच आत कोंबणाऱ्याला पुढच्या वेळी वाऱ्यात गाठी सोडवत बसावं लागतं, आणि मी मदतीला येत नाही.

स्टँडऑफ खालच्या स्प्रेडरवरून सोडवा. वाकलेल्या स्थितीत महिनाभर राहिले की त्यांना तसाच बाक येतो आणि मग पतंग दोन्ही बाजूंना सारखा वळत नाही.

काड्यांच्या टोकांना सेल ताणून धरणारे इलॅस्टिक सैल करून ठेवा.

एका खोळीत चार पतंग? नाही. एका मोठ्या पिशवीत चार खोळी, हो. पातळ सुती कापडाच्या खोळी घरी शिवता येतात, जुन्या चादरीच्याही चालतात. मोठ्यातला मोठा पतंग मधे, हलक्या वाऱ्याचा नाजूक पतंग सगळ्यांत वर.

दोऱ्या वेगळ्या थैलीत. वाइंडरवर लांबी आणि ताकद लिहून ठेवा, "८५ फूट, ९० पाउंड" असं. दोन वेगवेगळ्या संचांतल्या दोऱ्या एका पतंगाला लावून "हा डावीकडे का ओढतोय" असं विचारणाऱ्यांची संख्या कमी होईल.

गाडीत ठेवून विसरू नका. बंद गाडीच्या उष्णतेत शिवणीखालची चिकटपट्टी सरकते आणि कडांना डिंक बाहेर येतो, त्यावर वाळू बसते.

कोकणात किंवा मुंबईत पतंग ठेवून येणाऱ्यांनी पावसाळ्यात तो माळ्यावर टाकू नये. कपाटात, उभा, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास सेलमधून जात नाही.

आणि पिशवीची चेन. किनाऱ्यावरची धातूची चेन मिठाने काही महिन्यांत जाम होते, मग लोक जोर लावून ओढतात आणि चेनीच्या दातांत सेलची कड सापडते. प्लॅस्टिकच्या जाड दातांची चेन असलेली पिशवी घ्या. ती अडखळायला लागली तर गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या आणि मेणबत्तीचा तुकडा घासा. तेल घालू नका, तेलाचे डाग थेट पतंगावर उतरतात.