ॲनेक्सिन व्ही स्टेनिंग करताय? आधी कॅल्शियम सांभाळा

औषध दिल्यावर कॅन्सरच्या पेशी अपोप्टोसिसने (पेशीचं ठरवून, स्वतःहून मरणं) मरतायत का नुसत्याच फुटतायत (नेक्रोसिस) हे बघायला बहुतेक लॅबमधे ॲनेक्सिन व्ही-पीआय स्टेनिंग करतात (ॲनेक्सिन व्ही हे प्रोटीन, पीआय म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड, मेम्ब्रेन फाटलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग). किटच्या कागदावर काय करायचं ते असतं, का करायचं ते नसतं, म्हणून एमएस्सीच्या मुलांसाठी हे लिहितेय.

जिवंत पेशीच्या मेम्ब्रेनमधे फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं लिपिड आतल्या बाजूला असतं, पेशी मरायला लागली की ते बाहेर येतं आणि ॲनेक्सिन त्यालाच चिकटतं, पण मधे कॅल्शियम असेल तरच, कॅल्शियम काढलं की लगेच सुटतं. या एका गोष्टीवर सगळा प्रयोग उभा आहे.

फ्लास्कमधलं जुनं मीडियम फेकू नका, मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात, ते आधी ट्यूबमधे घ्या. मग चिकटलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन, तेही कमीत कमी वेळ, कारण मेम्ब्रेन फाटलं की ॲनेक्सिन आत शिरून जिवंत पेशीही पॉझिटिव्ह दाखवतं. ट्रिप्सिनमधला ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतो, म्हणून थंड पीबीएसने (मिठाचं बफर, यात कॅल्शियम नसतं) दोनदा धुवायचं आणि शेवटचं पीबीएस पूर्ण काढायचं, पेलेटवर (तळाशी बसलेल्या पेशींवर) थेंबसुद्धा ठेवू नका.

बाइंडिंग बफर म्हणजे 10 मिलीमोलर हेपीस, 140 मिलीमोलर सोडियम क्लोराइड, 2.5 मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच 7.4. त्यात 100 मायक्रोलिटरला एक लाख पेशी, 5 मायक्रोलिटर ॲनेक्सिन-एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग जोडलेलं ॲनेक्सिन), 5 मायक्रोलिटर पीआय, अंधारात रूम टेम्परेचरला 15 मिनिटं, मग 400 मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात मशीनवर (फ्लो सायटोमीटर). इथे पीबीएसने धुतलंत तर सिग्नल गेलाच समजा.

हेच प्रोटीन औषध म्हणूनही तपासलं जातंय, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. ॲनेक्सिन ए5 (म्हणजेच ॲनेक्सिन व्ही) आधी मिळालं ते प्लासेंटातून, रक्त गोठू न देणारं म्हणून, कारण क्लॉटिंग फॅक्टर ज्या फॉस्फॅटिडिलसेरीनवर जमतात तेच ते झाकून टाकतं. सेप्सिससाठी त्याच्यावर काम चाललंय, आणि त्याचा भाऊ ॲनेक्सिन ए6 उंदरांमधे स्नायूंचं फाटलेलं मेम्ब्रेन सांधायला मदत करतो असं 2019 मधे दाखवलं गेलं, मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी (स्नायू झिजण्याचा आजार) ही मोठी आशा आहे.

रिझल्ट वाचताना: फक्त ॲनेक्सिन पॉझिटिव्ह म्हणजे अर्ली अपोप्टोसिस. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर लेट अपोप्टोसिस का नेक्रोसिस हे एका रीडिंगवरून सांगताच येत नाही, 6, 12, 24 तासांचे पॉइंट घ्या. कंट्रोल चार लागतात: अनस्टेन्ड, फक्त ॲनेक्सिन, फक्त पीआय, आणि औषध दिलेल्या पण स्टेन न केलेल्या पेशी. हा चौथा बरेच जण गाळतात, पण डॉक्सोरुबिसिनसारखं औषध स्वतःच लाल चमकतं, मग पीआयच्या चॅनलमधे सगळंच मेलेलं दिसतं.