टेल सुटली की फिनला शिव्या? काइटच्या सर्फबोर्डवर या चुका टाळा

गोव्यातल्या मोरजीला फेब्रुवारीतल्या दुपारी वाऱ्याची वाट बघत बसलेल्या, पतंगाच्या जोरावर पाण्यावरून बोर्ड पळवणाऱ्या काइटवाल्यांकडे जरा बघा. काइट फुगवून उलटा ठेवलेला, उडू नये म्हणून त्यावर वाळूचा ढीग, आणि मालक बोर्ड मांडीवर पालथा घालून त्याच्या बुडाच्या पात्यांचे, म्हणजे फिनचे, स्क्रू पिळतोय. काल टेल सुटली होती ना, म्हणजे बोर्डचं मागचं टोक पकड सोडून घसरलं होतं, म्हणून आज नवा सेट. दुपार कलते, वारा सुटतो, साहेब पाण्यात जातात आणि टेल पुन्हा सुटते. मग दोष फिन बनवणाऱ्याचा.

मीही हे केलंय, त्यामुळे हसायचा हक्क मला फारसा नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे सर्फिंगचा तक्ता डोळे मिटून काइटला लावणं. फिनच्या पाकिटावर वजनाप्रमाणे माप छापलेलं असतं. एफसीएस या फिन कंपनीच्या तक्त्यात साधारण ६५ ते ८० किलोला मीडियम, ७५ ते ९० ला लार्ज. पण हा हिशेब लाटेच्या जोरावर चालणाऱ्या माणसाचा आहे. आज ज्याच्या-त्याच्या बोर्डखाली दिसणारी तीन फिनची थ्रस्टर रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने रूढ केली. १९८१ मध्ये त्याच रचनेवर त्याने बेल्स बीच आणि पाइपलाइन मास्टर्स या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. तेव्हा त्याला वरून ओढायला कुणी नव्हतं. आपल्याला काइट सतत आडवं खेचत असतो. वेग आयता मिळतो, आणि फिनचं मुख्य काम उरतं ते बोर्डला आडवं घसरू न देण्याचं.

यात एक गंमत आहे. वेग दुप्पट झाला की तोच फिन जवळजवळ चौपट जोर लावतो. म्हणजे लाटेवर बरोबर वाटणारा फिन काइटखाली अचानक राक्षसी होतो. बोर्ड रुळावरून धावल्यासारखा सरळ पळतो, वळायचं नाव घेत नाही, मागच्या पायाची पोटरी भरून येते. माझं वजन ८२ किलो. तक्त्याप्रमाणे मी लार्ज लावत होतो. मीडियम लावले त्या दिवशी बोर्ड हलका झाला. तेव्हापासून माझा नियम एवढाच: तक्त्यात येईल त्याच्या एक माप खाली सुरुवात करा. वारा जेमतेम १२ नॉट असेल आणि माणूस वजनदार, तर मात्र मोठाच बरा, कारण तेव्हा वाऱ्याकडे वर चढणं हीच खरी लढाई असते.

तीन फिनचा थ्रस्टर की चार फिनचा क्वाड, यावर किनाऱ्यावर भांडणं होतात, तेवढ्या रागाची ती गोष्ट नाही. काइटखाली बोर्ड बहुतेक वेळ एका रेलवर, म्हणजे बाजूच्या कडेवर, कललेला असतो. क्वाडमध्ये त्या रेलखाली दोन फिन खोल पाण्यात असतात, मधल्या फिनचा अडसरही नसतो. म्हणून तो वाऱ्याकडे छान चढतो आणि सपाट पाण्यावर सुसाट जातो. थ्रस्टरचा मधला फिन लाटेवरच्या आखूड वळणात आधार देतो, टेल कुठे आहे याचा अंदाज देतो. पाच प्लगचा, म्हणजे फिन बसवायच्या पाच खाचांचा, बोर्ड असेल तर दोन्ही करून बघा, पण एका दिवसात एकच गोष्ट बदला. फिन बदलले, काइट बदलला, पायही सरकवले, तर फरक कशाने पडला हे देवालाही सांगता येणार नाही.

आता ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती. बाजूचे फिन डावे-उजवे असतात. हातात घेऊन अंगठा फिरवा: एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. सपाट बाजू आत, बोर्डच्या मधल्या रेषेकडे. फुगीर बाहेर, रेलकडे. मधला फिन दोन्हीकडून सारखा. जुन्या दोन दात्यांच्या प्लगमध्ये डावा फिन उजवीकडे अगदी गुमान बसतो, काही तक्रार करत नाही. मी असे चार दिवस काढले आणि आपलं तंत्रच बिघडलंय असं समजून व्हिडिओ बघत बसलो. पाचव्या दिवशी मांद्र्याच्या एका पोराने बोर्ड उलटा करून नुसता अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. क्वाडमध्ये याच्या जोडीला पुढचे-मागचेही अदलाबदल होतात. लहान जोडी मागे.

फिन विकत घेताना प्लग कोणता ते बघा. फ्युचर्स या दुसऱ्या कंपनीचा एकसंध बुडाचा फिन एफसीएसमध्ये बसत नाही, आणि एफसीएस टू या नव्या पद्धतीचा फिन जुन्या एफसीएसमध्येही नाही. एफसीएस टू स्क्रूशिवाय चटकन बसतो. तरी उड्या मारणार असाल तर त्याच्या भोकात स्क्रू घालाच. जोरात आपटल्यावर फिन निघून गेलेला मी पाहिलाय. स्क्रू पिळताना ताकद दाखवू नका, दोन बोटांनी घट्ट होईल एवढं पुरे. लावण्याआधी प्लगमधली रेती गोड्या पाण्याने धुऊन काढा. घासलेली ॲलन की फेकून द्या, स्क्रूचं डोकं बिघडतं ते बहुधा तिच्यामुळेच.

बिघाड शोधायचा तर आधी हे विचारा: टेल दोन्ही दिशांना सुटते की एकाच? एकाच दिशेला सुटत असेल तर त्या बाजूचा फिन हलवून बघा, बुडाशी तडा आहे का बघा. काही नसेल तर ती तुमची कच्ची बाजू आहे, फिनची नाही. दोन्हीकडे सुटत असेल तर बहुतेकदा मागच्या पायाने लाथ मारल्यासारखा भार पडतोय. फिनच्या कडेने वरची हवा खाली ओढली जाते आणि पकड एकदम जाते. तेव्हा आणखी जोर लावू नका. पाय सैल सोडा, बोर्डचं पुढचं टोक, म्हणजे नोझ, थोडं वाऱ्याखाली जाऊ द्या, पाणी पुन्हा फिनला चिकटेल. मग रेल हळूहळू बसवा.

वेगात बोर्ड गुणगुणतो, शिट्टी वाजवतो? फिनची मागची कड तपासा. बारीक पॉलिश पेपर ओला करून दोन-चार हात मारले की बहुधा गप्प होतो. जी-टेन या कडक फायबरग्लासचे नवे फिन सुरीसारखे असतात. पायपट्ट्यांशिवाय चालवणाऱ्याने तीच संधी साधून त्यांची धार थोडी मोडावी, कारण पडल्यावर बोर्ड कुठून येईल याचा नेम नसतो.

ट्विन टिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेल्या काइटबोर्डवरून आलेल्यांची चूक वेगळी. तिथे फिन चार-पाच सेंटीमीटरचे, इथे अकरा-बारा. गुडघाभर पाण्यात येऊन थांबायची सवय मोडली नाही तर फिन वाळूत रुततो आणि प्लगसकट उखडतो. कंबरभर पाण्यातच उतरा. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर त्या बाजूला फिरकूच नका. जाळ्यात फिन अडकला तर कोळ्यांचं नुकसान आधी, तुमचं नंतर.

आणि पंपाच्या पिशवीत जास्तीचे चार स्क्रू आणि एक की चिकटपट्टीने चिकटवून ठेवा. मोरजीच्या वाळूत पडलेला फिनचा स्क्रू सापडलेला मी अजून पाहिलेला नाही.